सत्काराआधी शिवलेला कोट

ताईचा फोन आला तेव्हा मी दापोलीत घरामागच्या चिकूला पाणी घालत होते. "हे गेले," ती म्हणाली. मग जरा थांबून, "सावकाश ये. आता घाई कुणालाच नाही." मी एसटीने रत्नागिरीला पोचले तेव्हा अंगणात माणसं जमली होती आणि शेजारच्या काकांनी एक सूचना मांडली होती, की नानांना त्यांचा तो काळा कोट घालून न्यावं. सगळ्यांना ती फार पटली होती. एकदोघांचे डोळेही भरून आले. ताई ओटीवरच्या खांबाला टेकून बसली होती, तिथूनच म्हणाली, "तो सत्कारासाठी शिवलाय. जाळायला नाही."

नाना म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, माझे भावोजी. पोफळीच्या वीजघराच्या कचेरीत ते कारकून होते आणि तिथल्या कॉलनीत राहून त्यांनी एकच कादंबरी लिहिली, डोंगरात बोगदे खणणाऱ्या मजुरांची. कादंबरी चांगली होती. हे मी मेहुणी असूनही सांगते आहे, म्हणजे खरं असणार. तिचं हिंदी झालं, हिंदीवरून आणखी एका परक्या भाषेत झालं, आणि ती कुठल्या कुठे जाऊन पोचली.

आफ्रिकेतल्या आणि आशियातल्या लेखकांसाठी तेव्हा एक आंतरराष्ट्रीय पारितोषिक होतं. त्याचा इतिहास मला झोपेतही सांगता येईल, कारण भावोजींनी तो आम्हाला जेवताना, बसमध्ये, बारशाला, बाराव्याला सांगितला आहे. गोऱ्यांचं राज्य नुकतंच झुगारलेल्या देशांतले लेखक एकत्र आले. त्यांचं म्हणणं, आपल्या पुस्तकांना शाबासकी देणारे लंडन-पॅरिसवाले कोण? ती आपली आपण देऊ. मग पारितोषिक निघालं, तीन भाषांत त्रैमासिक निघालं. कचेरी एका शहरात होती, तिथे लढाई पेटली म्हणून दुसऱ्या शहरात गेली. कुणाला तुरुंगात असताना पारितोषिक मिळालं, कुणाला परागंदा असताना. हे सगळं सांगताना भावोजींचा आवाज चढायचा आणि तो खोटा नसायचा. पैसा मात्र बहुतेक एकाच मोठ्या देशाचा होता, हे ते शेवटी, घाईघाईने सांगायचे.

तर त्या पारितोषिकासाठी भावोजींची निवड झाल्याचा निरोप पोफळीच्या कचेरीत फोनवर आला. घोषणा समारंभातच व्हायची होती, तोवर थोडं थांबा म्हणाले. पण थांबेल ते आमचं गाव कसलं! रत्नागिरीत आधीच सत्कार ठरला. शाल, श्रीफळ, चांदीचा मुलामा दिलेली समई, आणि अडीच तासांची भाषणं. एका वक्त्याने तर भावोजींना आफ्रिकेचे सुपुत्र म्हणून टाकलं. त्या सत्काराला ते साध्या सदऱ्यातच गेले. काळा बंद गळ्याचा कोट त्यांनी शिवून आणला होता, पण तो परदेशातल्या खऱ्या सत्कारासाठी राखून ठेवला होता.

आणि मग तो मोठा देशच मोडला. पैसे देणारा तोच, समारंभ करणारा तोच. पारितोषिक बंद पडलं, त्रैमासिक बंद पडलं, कचेरीला टाळं लागलं. मी म्हटलं, "भावोजी, तुम्हाला बक्षीस द्यायला लागू नये म्हणून आख्खा देश मोडला हो." मेहुणीला इतकं बोलायचा हक्क असतो. त्यांनी पानावरून मान वर केली आणि अगदी कचेरीतल्या आवाजात सांगितलं, "प्रक्रिया चालू आहे."

हे वाक्य त्यांना जन्मभर पुरलं. नोकरी सोडून ते रत्नागिरीजवळच्या घरी, आंब्याच्या कलमांत येऊन राहिले, आणि गावाला एक कायमची करमणूक मिळाली. बाजारात, देवळात, एसटी स्टँडवर, जो भेटेल तो विचारायचा, "काय वो नाना, आला काय बक्षीस?" ज्यांनी त्यांच्या खांद्यावर शाल घातली होती तेच विचारण्यात पुढे होते. भावोजी न चिडता उत्तर द्यायचे, प्रक्रिया चालू आहे. वाचनालयाने एकदा छोटासा पुरस्कार देऊ केला, तर थोरलं घरात आल्याशिवाय धाकटं घेणं बरं दिसत नाही म्हणून परत पाठवला. दुसरी कादंबरी नंतर लिहू म्हणाले. ऑक्टोबरचं ऊन पडलं की कोट बाहेर निघायचा, दांडीवर टांगला जायचा, त्याच्यावरची पावसाळ्यातली बुरशी ते स्वतः मऊ ब्रशने काढायचे. दरवर्षी.

इथवर सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण घरात फोन होता. रत्नागिरीत आल्या आल्या त्यांनी आधी फोन घेतला, गॅस नंतर. तो नंबर बाहेर सगळीकडे कळवला, आणि नियम केला की घर कधी रिकामं राहता कामा नये. स्वतः ते सभांना, भाषणांना जायचे. फोनपाशी ताई असायची. मंडणगडला आमची आई शेवटचे दिवस मोजत होती, तेव्हा ताई पहाटेच्या एसटीने यायची, आईला चार घास भरवायची आणि दुपारच्या गाडीने फोनसाठी परतायची. मी तिथे मुक्कामाला होते, आई रोज मला विचारायची, "थोरली राहिली नाही?" ताई राहिली नाही. आई गेली तेव्हा ती परतीच्या बसमध्ये होती. मला त्या माणसाचा तेव्हा राग आला, तो अजून गेलेला नाही. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात... मी प्रयत्न करते आहे.

फोन वाजला तो गेल्या वर्षी. पुण्याच्या एक संशोधक बाई होत्या. पारितोषिक पुन्हा सुरू झालं आहे, मी त्याचा इतिहास लिहिते आहे, तुम्हाला भेटायला यायचं आहे, असं त्या म्हणाल्या. भावोजींनी उभ्यानेच ऐकलं. भेटीच्या दिवशी त्यांनी कोट चढवला. पोटाशी बटणं लागत नव्हती, तर ताईने एक बटण पुढे सरकवून दिलं. बाई सज्जन होत्या. सकाळपासून संध्याकाळपर्यंत भावोजी बोलले, कुठली बैठक कुठे झाली, कोण कुणाशी भांडलं, कचेरी कशी हलली. साखरेने डोळे गेले होते, पण एक नाव अडलं नाही. निवडीचा तो फोनही त्यांनी सांगितला. बाईंनी विचारलं, त्याचा काही पुरावा? भावोजी म्हणाले, तुम्ही आलात ना.

दिवाळीनंतर पुस्तक आलं. मी तिथेच होते. ताईने ते ओटीवर मोठ्याने वाचायला घेतलं. सगळा इतिहास होता, भावोजींनी सांगितलेला, जवळजवळ त्यांच्याच शब्दांत. शेवटच्या वर्षाबद्दल एकच वाक्य होतं: त्या वर्षी पारितोषिक कुणालाही देण्यात आलं नाही. आणि मागे आभारांत, ग्रंथपालांच्या खाली भावोजींचं नाव, पुढे 'रत्नागिरीचे एक जाणकार वाचक'.

"परत वाच," ते म्हणाले. ताईने परत वाचलं. "परत." तिसऱ्या वेळी तिने पुस्तकात पाहिलंही नाही. तोंडपाठ म्हणाली, सावकाश, शब्द न् शब्द. मग पुस्तक मिटून म्हणाली, "आईच्या वेळी मला राहू द्यायला हवं होतंत तुम्ही."

भावोजींनी हात पुढे करून पुस्तक चाचपलं. मग म्हणाले, "बाई मेहनती आहे. इतिहास बरोबर लिहिलाय." त्यानंतर त्यांनी जेवण कमी केलं. गेले तेव्हा डॉक्टरांनी हृदयाचं कारण लिहिलं. ताईने सेवेत काही कमी ठेवलं नाही, पण ते वाक्य मागेही घेतलं नाही.

शिमग्याला मी पुन्हा गेले. फाटकातून पाहिलं आणि तिथेच थांबले. कलमांत भावोजी उभे होते, काळ्या कोटात, हात पसरून. यंदा वानरांचा फार उपद्रव, ताई सांगत होती, कैरी ठेवत नाहीत. म्हणून बांबूच्या काठ्यांवर कोट चढवला, वर मडकं. वानरं दोन दिवस बिचकली म्हणे. आता त्याच्याच खांद्यावर बसून कैऱ्या खातात. मला हसू आलं आणि लगेच रडू आलं, मग ताईने पाणी आणून दिलं.

संध्याकाळी आम्ही ओटीवर बसलो होतो. फोन आत तसाच होता. त्याचं बिल का भरतेस, हे विचारायचं मी टाळलं. रस्त्यावरून एक रिक्षा आली, आत शिमग्याला मुंबईहून आलेला कुणी चाकरमानी. त्याला काही कळलेलं नसणार. दगडी गडग्याजवळ रिक्षा हळू झाली, त्याने डोकं बाहेर काढलं आणि कोटाकडे बघून ओरडला, "काय वो नाना, आला काय बक्षीस?"

मी सांगायला उठले. ताईने माझा हात धरून मला खाली बसवलं आणि ओटीवरूनच उत्तर दिलं.

"प्रक्रिया चालू आहे."