थोरल्याने अंगावर घेतलेली आग

नरडाण्याच्या बाजूला एका खेड्यात भरदुपारी लागलेली ती आग मला आजही जशीच्या तशी आठवते. स्वेच्छानिवृत्ती घेतल्यापासून बहुतेक गुन्ह्यांचे क्रमांकही मी विसरले आहे. हा मात्र नाही.

दिवाळी नुकतीच झाली होती. आमच्या भागात त्या दिवसांत कापूस घरातच भरतात. भाव येईपर्यंत पुढची खोली छतापर्यंत कापसाची, आणि माणसे उरलेल्या जागेत. जळालेले घर धाब्याचे, दोन भावांत वाटलेले. पुढचा भाग धाकट्याचा, मागचा थोरल्याचा. म्हातारे वडील, त्यांना सगळे गाव आबा म्हणे, धाकट्याकडे राहत. जीव कुणाचा गेला नाही. पण पेटता कापूस बाहेर ओढताना धाकट्याच्या बायकोचे दोन्ही हात भाजले. तिला धुळ्याला हलवले होते.

मी पंचनामा उरकून ठाण्यात परतते न परतते तोच फोन आला. नाव न सांगता एक माणूस म्हणाला, "थोरल्याला विचारा. आग लागली तेव्हा तो मागच्या दाराने पळत होता." दोघा भावांचे बांधावरून बोलणे बंद होते, हे गावात सगळ्यांना ठाऊक होते. हवालदार म्हणाला, "मॅडम, केस सरळ आहे." सरळ केस दिसली की मी जरा सावध होते.

थोरल्याला आणले. पन्नाशीचा, अंगाने दणकट. काही विचारायच्या आधीच तो म्हणाला, "मीच लाई आग, मॅडम. आते काय लिखानं ते लिखा."

"कशाने लावली?"

"काडी लाई."

"कुठे?"

"दारपासी."

दाराची चौकट नुसती काळवंडली होती. खरी आग आतल्या कोपऱ्यातून उठली होती. तिथली भिंत तडकली होती, तेवढी दुसरी कुठेच नाही. पोलिसापुढचा कबुलीजबाब कोर्टात तसाही टिकत नाही, आणि हा तर जागेशीही जुळत नव्हता. मी आवाज चढवला नाही. त्याला पाणी दिले. त्याने पेला डाव्या हाताने घेतला. आमच्याकडे धडधाकट माणूस असे करत नाही. उजवा हात त्याने गमछ्यात गुंडाळून मांडीखाली धरला होता.

"हात दाखव."

"काही नही शे."

"दाखव म्हणते ना."

तळव्याच्या मधोमध फोड होता आणि बोटांना वितळलेले प्लास्टिक चिकटले होते. काडी लावणाऱ्याचा तळवा असा भाजत नाही. याने काहीतरी पेटलेले मुठीत धरले होते.

"घर जाळायला आलेला माणूस पेटती वस्तू हातात धरतो होय रे? आणि घराला आग लावायची शिक्षा माहीत आहे का? जन्मठेपेपर्यंत जाते."

त्याने गमछा पुन्हा हाताभोवती गुंडाळला. मग खाली बघत म्हणाला, "उकिरडामा फेकेल शे ते. आबाले सांगू नका. म्हाताराले समजनं तं जीव दी टाकी तो."

उकिरडा उकरला. काडेपेटीपेक्षा जरा मोठी, वितळलेली प्लास्टिकची डबी निघाली. आत बोटाएवढा फुटका सेल आणि नखाएवढी सर्किटची पट्टी. मग थोरल्याने सगळे सांगितले. आबांनी जन्मभर रेडिओ दुरुस्त केले होते. रेडिओ गेले, तरी हात स्वस्थ बसेनात. लॅपटॉपच्या भंगार बॅटऱ्यांतले सेल काढायचे, त्यांना बाजारात मिळणारी स्वस्तातली चार्जिंगची पट्टी जोडायची, आणि घरच्या घरी बॅटरीचा दिवा आणि त्याचा चार्जर बनवायचा. धाकटी सूनबाई पहाटे गोठ्यात म्हशी दोहायला जाते, तिच्यासाठी त्यांनी हा बनवला होता.

धुळ्याला आयटीआयमधल्या एका अनुभवी निदेशकांना मी ती डबी दाखवली. ते म्हणाले, "पट्टी वाईट नसते, मॅडम. पण तिचे दोन प्रकार येतात. एकात सेलच्या संरक्षणाची जास्तीची चिप असते, दुसऱ्यात नसते. ही दुसरी. शिवाय ही पट्टी नव्या सेलला सोसेल एवढा करंट देते. हा सेल म्हातारा. स्वतः पट्टीही चांगली तापते, तिला मोकळी हवा लागते. कुठे ठेवली होती?"

कापसावर. भिंतीतला प्लग ढिगामागे गेला होता, म्हणून वायर ओढून सूनबाईने डबी ढिगावरच ठेवली होती. कापूस भरलेल्या घरात दुसरी जागा तरी कुठे होती? धूर पाहून थोरला मागच्या दाराने आत धावला, डबी उचलली, ती हातात फुटली, आणि ती घेऊन तो तसाच बाहेर पळाला. कुणीतरी पाहिले ते एवढेच.

हवालदार मला म्हणाला, "मॅडम, शॉर्टसर्किट लिहून टाकू. म्हाताराही सुखी, पोरगाही सुखी." मलाही क्षणभर ते पटले. मग मी थोरल्याला विचारले, "आबांनी असे आणखी किती बनवले?"

"गावमा आठ-नऊ घरे व्हतीन."

आणि त्या आठ-नऊ घरांतही कापूस होताच.

त्याच संध्याकाळी, सूनबाई दवाखान्यातून घरी आल्यावर, मी दोघा भावांसमोर आबांना सगळे सांगितले. सावकाश, पण काही न वगळता. आबांनी शेवटपर्यंत ऐकले. मग म्हणाले, "सेल भरना का निळा दिवा लागस, तो लागस नही तवलोंग काढू नको, आसं मीच सांगेल व्हतं तिले. म्हातारा सेलना निळा दिवा लागसच नही कधी. माले समजाले पाहिजे व्हतं."

सूनबाई पट्ट्या बांधलेले हात पदरात घेऊन उंबऱ्यात उभी होती. "आबा, कापूसवर तं मीच ठेयेल व्हतं."

"तू चूप. तुना हात आते कसा शेतस?"

धाकटा उठला, थोरल्याजवळ गेला आणि त्याचा उजवा हात उलटा करून बघत बसला. बांधाचा विषय त्या दिवशी कुणी काढला नाही. प्रकरण अकस्मात जळीत म्हणून नोंदले गेले.

मी आबांना म्हटले, "रडायला नंतर वेळ आहे. आधी बाकीचे चार्जर गोळा करायचे आहेत, आणि कुठे काय ते तुम्हालाच माहीत." ते लगेच उठले. गोळा केलेले सेल ठेवायला वाळूची बादली थोरल्याने डाव्या हातात घेतली. प्रत्येक दारात आबांनी स्वतःच्या तोंडाने सांगितले, मी बनवलेल्याने घर जळाले, तुमच्याकडचे द्या. शेवटच्या घरी एक अक्का ऐकेना. "मनी बॅटरी तं चांगली शे, आबा. मी नही देवाव."

"अक्का, मना पोऱ्यानं घर बी आठ दिन पहिले चांगलंच व्हतं."

तिने आतून आणून दिली.

कबुली देणारा माणूस कुणाला पाठीशी घालतो आहे, हे मी तेव्हापासून आधी पाहत आले. दुसरे शिकले ते घरीही उपयोगी पडते. म्हाताऱ्या माणसाला सत्य सोसणार नाही, असे आपणच ठरवून टाकतो. त्याला ते सांगावे, आणि सांगताना त्याच्या हाताला लगेच काम द्यावे.