जानेवारीतला पाऊस

रिस्तेनला शाळा आवडली नाही, नवरा टिकला नाही, पण कळप तिने कधी सोडला नाही. वडील गेल्यावर धाकट्या भावाने, आस्लातने, खाडीकाठच्या गॅसच्या कारखान्यात नोकरी धरली. "थंडीत जनावरांमागे फिरून कुणाचं भलं झालंय, ताई?" असं म्हणून तो गेला. रिस्तेन मात्र बावीस वर्षं एकटीने रेनडियर राखत राहिली. बर्फात काठी खुपसून ती सांगायची, आज इथे जनावराचं पोट भरेल की नाही. उत्तर ध्रुवाजवळच्या आमच्या पठारावर तिचा शब्द चुकलेला कुणाला आठवत नाही.

त्या वर्षी जानेवारीत तीन दिवस पाऊस लागला. वडिलांनी साऱ्या आयुष्यात असा पाऊस एकदा पाहिला होता. रिस्तेनने सहा वर्षांत हा तिसरा पाहिला. चौथ्या दिवशी कडाक्याची थंडी पडली आणि सारं पठार काचेसारखं गोठलं. रेनडियर हिवाळाभर ज्यावर जगतात ते पांढरं दगडफूल त्या काचेखाली स्पष्ट दिसत होतं. जनावरं खुरांनी उकरत राहिली. बर्फावर रक्ताचे ठिपके उमटले.

आस्लात रजा काढून खुराकाचा ट्रक घेऊन आला.

"ओळखतील का गं मला अजून?" कळपाकडे बघत त्याने विचारलं.

"गावातली माणसं ओळखत नाहीत, जनावरं कुठून ओळखणार?" पोती उतरवता उतरवता ती फटकन बोलून गेली, "तुमचा गॅस जगभर जळतो आणि पाऊस पडतो माझ्या कळपावर."

"आणि तुझी बर्फावरची स्कूटर काय पाण्यावर चालते? हा खुराक त्याच गॅसच्या पगारातून आणलाय."

रिस्तेनने पुढचं पोतं खाली ओढलं.

खुराक उपाशी पोटांना मानवला नाही. गाभण माद्यांची पोटं फुगली. फेब्रुवारीतल्या एका सकाळी कळपाची म्होरकी असलेल्या म्हाताऱ्या मादीने समुद्राकडे नाक केलं आणि चालू लागली. एरवी किनाऱ्याच्या कुरणांकडचा हा प्रवास एप्रिलमधला. बाकीची जनावरं तिच्यामागे निघाली. वाटेत मोठं तळं होतं. शरद ऋतू उबदार गेल्यामुळे ते उशिरा गोठलं होतं, आणि वरचा बर्फ पाऊस पिऊन जड झाला होता.

रिस्तेनने आडवं जायला स्कूटर पळवली, पण ती काठावर आली तोवर कळप तळ्यावर उतरला होता. तिने इंजिन बंद केलं. आवाजाने जनावरं एकत्र दाटली असती, तर बर्फाने तेवढा भार पेललाच नसता. तिने तोंडाने हाळी दिली. म्हातारी थांबली, वळून पाहू लागली. पण मागची कुठली थांबायला? त्यांनी रेटा दिला.

बर्फ मोठ्याने फुटला नाही. नुसता खाली बसला.

स्कूटरवर मागे बसून आलेला आस्लात बर्फाकडे धावला तशी तिने त्याचं जाकीट घट्ट पकडलं.

"सोड ताई! बुडतायत!"

"तू गेलास तर तुला कोण ओढणार? मी?"

काठाजवळची काही त्यांनी फास टाकून ओढून काढली. मधल्यांची शिंगं बराच वेळ दिसत होती. आस्लात गुडघ्यांवर बसून लहान पोरासारखा रडला. रिस्तेन हातातला दोर गुंडाळत उभी राहिली. गुंडाळून झाला की पुन्हा सोडायची, पुन्हा गुंडाळायची.

वसंतात मोजकीच पाडसं झाली. त्याआधीच, तळ्यावरच्या त्या दिवसानंतर महिनाभर थांबून, आस्लात कामावर परत गेला होता. "इथे राहून मी करू तरी काय?" निघताना त्याने विचारलं होतं.

पुढच्या हिवाळ्यात रिस्तेनने उरलेली जनावरं घरामागे कुंपणात ठेवली. खुराकाची वेळ झाली की ती सगळी फाटकाशी रांगेने येऊन उभी राहायची. शेजारीण कौतुकाने म्हणाली, "बघ, किती शहाणी झालीत!"

"शहाणी कसली," रिस्तेन म्हणाली, "गाई झाल्यात." आणि पोत्याचं तोंड सोडायला खाली वाकली.