पायाळूच्या पाठीतली उसण

मी पायाळू. म्हणजे जन्मताना डोक्याआधी पाय बाहेर आले. एवढ्याशा कर्तबगारीवर श्रीरामपुरात आमच्या गल्लीत माझा दबदबा आहे, कारण पायाळू माणसाने पाठीला पाय लावला की उसण जाते असं लोक मानतात. मी शाळेत विज्ञान शिकवलं, माझा त्यावर काडीचा विश्वास नव्हता. पण हे गेले, मुलगा बंगळुरूला गेला आणि दाराची कडी वाजवणारी माणसं उसण भरलेलीच तेवढी उरली. मग मी पाय लावत राहिले. काम झालं की माणूस हुश्श करून निघतो. चहाला थांब म्हटलं तरी थांबत नाही. दार लावताना फार एकटं वाटतं.

यंदा उन्हाळ्यात उसण माझ्याच पाठीत भरली, उजव्या खांद्यामागच्या खवाट्याखाली. स्वतःच्या पाठीला स्वतःचा पाय कसा लावणार? राहात्याला एक टेम्पोवाला पायाळू असल्याचं कळलं, म्हणून एसटीने गेले. तो बिचारा लाजून चूर. मी शाळेतली बाई हे कळल्यावर आधी माझ्याच पाया पडला.

"बाई, तुमाला लाथ मारायची म्हंजी लई अवघड हाय."

"मार रे बाबा, नापास करायचे दिवस गेले माझे."

त्याने हलकेच टाच टेकवली, शेजारच्या गाड्यावरून भजी मागवली आणि मी ती खाईपर्यंत जमिनीकडेच बघत राहिला.

परतीच्या एसटीत कळ उठली. उजव्या बरगडीखालून निघून थेट खवाट्यात. समोरच्या सीटची दांडी घट्ट धरून बसले, घामाने निथळले. आणि तेव्हा कुठे डोकं चालायला लागलं. उसणीचा माणूस वाकडा होऊन येतो, शिंकायलासुद्धा भितो. मी तर सकाळी वाकून अंगण झाडलं होतं, बादली उचलली होती. हलल्याने दुखणं वाढत नव्हतं, कुशीवर वळल्याने थांबत नव्हतं. उठायचं ते तेलकट खाल्ल्यावर. म्हणजे दुखत होतं पोटात, कळत होतं पाठीत. मला भीती वाटली. स्टँडवरून घरी न जाता दवाखानाच गाठला.

डॉक्टरीणबाईंनी बरगडीखाली बोटं रुतवून श्वास घ्यायला सांगितलं. तो अर्ध्यातच अडकला. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे निघाले, एक खाली सरकून नळीत बसलेला.

"पाठीचं समजून अजून अंगावर काढलं असतं तर जिवावर बेतलं असतं," त्या म्हणाल्या. मग मला खिडकीपाशी नेऊन त्यांनी खालची पापणी ओढली. "डोळे चांगलेच पिवळे झालेत. बरेच दिवस झाले असणार. कुणाच्याच लक्षात नाही आलं? घरी कुणी येत-जात नाही का?"

"येतात की," मी म्हटलं. "रोज कुणी ना कुणी येतं. पण सगळे माझ्याकडे पाठ करून बसतात."