कांदाचाळवाल्याची होडी

आळे गावच्या हौशीराम मिस्तरीनं कांद्याला जितकी घरं बांधली, तितकी माणसांना सरकारनंही बांधली नसतील. तळाच्या पट्ट्यांत बोटभर फट, खालून वारा खेळता. त्याच्या चाळीत कांदा सडायचं नाव घेत नसे. दुःख एकच. कांदा कधी ‘वा, मिस्तरी!’ म्हणत नाही. आणि बायको सरूबाई, ती तर त्याहून नाही.

अशात मुंबईच्या गोदीतून निवृत्त झालेले येडगावचे दादाभाऊ एक जुनी फायबरची शिडाची होडी घेऊन आले. कुठल्याशा बंद पडलेल्या क्लबातली. बाहेरून ठणठणीत, पण आतल्या प्लायवूडचा पार भुगा आणि गाद्यांवर हिरवी बुरशी.

“आतून नवी करून दे, राव,” दादाभाऊ म्हणाले.

हौशीराम उभ्या जन्मात होडीत बसला नव्हता. तरी घरी येऊन फुशारकीनं म्हणाला, “सरू, पयल्यांदा तुलाच बसवणार बघ.”

“मी न्हाई बसायची. कांदे न्या तुमचे.”

हे मात्र त्याच्या मनाला लागलं. सरू बसली तरच काम खरं, असं त्यानं ठरवून टाकलं.

येडगाव धरणाच्या उतरत्या काठावर, नाक चढाकडं करून ठेवलेल्या होडीत तो दोन महिने राबला. फायबरच्या धुळीनं अंग खाजायचं. तोंडाला उपरणं बांधून त्यानं सगळी घाण खरवडली. सागाच्या पट्ट्यांची दोन लांब बाकं केली, चाळीसारखीच बोटभर फटी ठेवून, म्हणजे ओल कोंडायला नको. पाणसळीचा बुडबुडा मधोमध आल्याशिवाय एक स्क्रू पिळला नाही. वर पॉलिश असं, की त्यात बघून मिशी विंचरावी.

नारळ फुटला, ट्रॅक्टरनं होडी पाण्यात ढकलली. होडी पाण्यावर सरळ झाली आणि बाकं झाली तिरकी! पठ्ठ्यानं दोन महिने चढावर तिरक्या उभ्या होडीत पाणसळ लावली होती.

“मिस्तरी, घसरगुंडी बांधली का काय!” दादाभाऊ हसून हसून वाकले.

हौशीराम होडीत चढून बाकाच्या नाकाकडच्या, खालच्या टोकाला डोकं धरून बसला.

“काय झालं वो?” काठावरून सरूबाई.

“काय न्हाई.”

या ‘काय न्हाई’बरोबर तिनं बत्तीस वर्षं संसार केला होता. पदर खोचून ती गुडघाभर पाण्यात शिरली, होडीत चढली आणि बाकाच्या वरच्या टोकाला टेकली. टेकली ती सुळकन घसरत थेट नवऱ्याला येऊन धडकली. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली.

“अवो, रुसून लांब बसायची सोयच ठिवली न्हाई तुमी!”

“उद्याच सरळ करतो दोन्ही.”

तिनं पट्ट्यांवरून हात फिरवला. “काम लई झ्याक झालंय. एकच सरळ करा. हे ऱ्हाऊ द्या असंच.”

दादाभाऊंनी शीड चढवलं. “वैनी, उतरताय नव्हं?”

“कशापायी? वारा सुटलाय की. चला त्या काठाला!”