गिऱ्हाईक बनून जाताना

आमच्या कामातलं घरी काही सांगता येत नाही, म्हणून गोष्टी साचत जातात. महिन्यातून एकदा आम्ही तिघं नांदेडच्या बस स्टँडजवळ चहाला बसतो, तेव्हा त्या बाहेर पडतात. मी, रफीकभाई आणि लातूरच्या सुनंदाताई. तिघंही मिस्ट्री शॉपर. कंपनी सांगेल त्या दुकानात साधं गिऱ्हाईक बनून जायचं, नोकरमाणसं कशी वागतात, किती वेळ लावतात ते घड्याळ लावून बघायचं आणि बाहेर येऊन मोबाईलवर रिपोर्ट भरायचा. आपण कोण, हे कुणाला कळू द्यायचं नाही.

*

हदगावच्या एका कपड्याच्या दुकानाला रफीकभाईंनी शेरा दिला होता, 'स्वागत केले नाही.' दोन महिन्यांनी ते पुन्हा गेले. भर दुपार, दुकान रिकामं. ते पायरीवर, आतून दिसणार नाही अशा बाजूला, चपलेचा पट्टा लावत होते, तेवढ्यात वाऱ्यानं दार उघडलं. आतली मुलगी उठली, हात जोडून म्हणाली, "नमस्कार, या. काय दाखवू?"

दार मिटलं, पुन्हा उघडलं. ती पुन्हा उठली.

"लई वेळ तेच चाललं," रफीकभाई म्हणाले. "मी आत गेलोच न्हाई."

*

भोकरला मी एका चपलांच्या दुकानात पहिल्यांदाच गेलो होतो. म्हाताऱ्या सेल्समननं न विचारताच माझ्या मापाचा जोड काढला.

"माप कसं कळलं, काका?"

"मागच्या महिन्यात तुम्हीच नेला की. तवाबी असंच घड्याळ बघून राहिले होते."

कंपनीला फोन केला. ते म्हणाले, तुमच्याआधी त्या दुकानात आम्ही कुणालाच पाठवलेलं नाही.

*

सुनंदाताई एकट्या राहतात, मूलबाळ नाही. पण साडीच्या दुकानात काहीतरी कारण सांगावं लागतं. लातूरला एकदा त्या बोलून गेल्या, "मुलीचं लग्न आहे, दीपाचं." मग प्रत्येक दुकानात दीपा आली. ती उंच झाली, नर्स झाली.

गेल्या आठवड्यात ताई नांदेडच्या एका नव्या दुकानात गेल्या. चपला काढून गादीवर बसल्या. अजून तोंडही उघडलं नव्हतं.

"तुम्ही दीपाताईंच्या आई ना?" सेल्सगर्लनं विचारलं. "त्या आत्ताच येऊन गेल्या. म्हणाल्या, आई मागून येईल."

तिनं एक साडी पुढं ठेवली. "ही तुमच्यासाठी काढून ठेवायला सांगितलंय."

ताईंनी साडीकडं पाहिलंसुद्धा नाही. "कोणीकडं गेली?"

सेल्सगर्लनं रस्त्याकडं बोट दाखवलं, आणि ताई तशाच अनवाणी धावत बाहेर पडल्या.