पदर धरणारा हात

"उजेड चालला ना भाऊ." भर दुपारी बारालाही तो हेच म्हणायचा. यवतमाळच्या एका दैनिकात तो छायाचित्रकार आणि मी पानं लावणारा. इतक्या वर्षांत त्याला खुर्चीत बसलेला मी पाहिला नाही. चहा उभ्यानं प्यायचा, तोही अर्धा टाकून. बोलता बोलता गाडीला किक मारायचा; वाक्याचा शेवट आपण धुरातून ओळखायचा. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल, ज्याच्याशेजारी नुसतं उभं राहिलं तरी आपल्याला कुठंतरी उशीर झाल्यासारखं वाटतं.

सीमेवर आपल्या जिल्ह्यातला एक जवान शहीद झाला. केळापूरजवळच्या खेड्यात शवपेटी आली, तेव्हा हा गर्दीत घुसून फोटो घेऊन आला. पेटीवर कोसळलेली आई, तोंड उघडं, पदर ढळलेला. आणि कडेला शेजारणीचा हात, तो पदर वर ओढणारा. मला तो हात अडगळ वाटला. मी तो कापला आणि आईला एकटीला पहिल्या पानावर घेतलं.

फोटो गाजला. आठवड्याभरात चौकाचौकांत त्याचे फ्लेक्स लागले, खाली पुढाऱ्यांचे हसरे चेहरे.

तेरवी झाल्यावर तो त्या आईला भेटायला गेला. परतला तो थेट माझ्या टेबलाशी.

"तो हात काहून कापला?"

"चेहरा उठून दिसावा म्हणून."

"ती माय म्हणते, माह्या शेजारणीनं धरलं होतं मले, मंग पेपरात मी एकटीच काहून? म्हणते, गावोगाव मले उघडी टांगली." एवढं बोलून तो खिडकीपर्यंत गेला, परत आला, पुन्हा गेला. "फोटो तर म्याच काढला ना."

पूर्ण फोटो पुन्हा छापा म्हणून तो संपादकांकडे गेला. त्यांच्या मते बातमी शिळी झाली होती.

मग तो शिडी घेऊन हिंडू लागला. दिसेल तो फ्लेक्स स्वतः उतरवायचा. ढाणकीत लोकांनी धरून त्याचा शर्ट फाडला. "फोटो माहाच हाये, माह्याच हातानं उतरवून राह्यलो," असं समजावून कसाबसा सुटला.

पुढच्या वर्षी दुसऱ्या एका गावात तशीच पेटी आली. आम्ही त्यालाच पाठवलं. तो गेला, पण त्यानं फोटो पाठवला नाही. नंतर तो कामावरही आला नाही. फोन बंद. खोलीला कुलूप.

पेटी आली त्याच संध्याकाळी माझ्याकडे तिथल्या इतर छायाचित्रकारांनी काढलेले फोटो आले होते. मी एकेक उघडत गेलो. प्रत्येकात मधोमध तो, पाठमोरा, दोन्ही हात पसरून उभा. त्याच्यापलीकडची आई एकाही फोटोत दिसत नव्हती.