वाफ्यातलं आपसूक उगवलेलं रोप

कोथिंबिरीची जुडी निवडताना बोटांना तो वास लागला, की मला कराडच्या कॉलेजचं शेवटचं वर्ष आठवतं. वनस्पतिशास्त्राच्या परीक्षेसाठी झाडं वाळवून कागदावर चिकटवायची होती. वडील जाऊन चार महिने झाले होते, आणि त्या वर्षीच्या पेरणीला चुलत्यांनी बियाण्याची पहिली मूठ आईऐवजी काकूच्या ओंजळीत दिली होती. विधवेनं बी पेरायचं नाही, ही आमच्याकडची रीत. आईनं मग परसातल्या वाफ्यातही धणे टाकले नाहीत. तरी आदल्या वर्षी गळलेले धणे तिथं आपसूक उगवले. त्यातलंच एक रोप मी कागदावर चिकटवलं आणि खाली त्याचं लॅटिन नाव लिहिलं, कोरिअँड्रम सटायव्हम. आई शेजारी येऊन टेकली. "काय लिवलंस?" "कोथिंबिरीचं नाव. दुसरा शब्द विशेषण आहे, पेरलेलं असा अर्थ. नामाच्या लिंगाप्रमाणे त्याचा शेवट बदलतो." ती रोपाकडं बघत राहिली. "मग त्यो शब्द खोडून टाक. ह्ये म्या पेरल्यालं न्हाई." मी घाईत होते. "तसं चालत नाही आई, नियम असतो." "व्हय, नियम असतोय," म्हणाली आणि भाकरी थापायला उठली. आता मी हेच विशेषण वर्गात शिकवते. आई आता राहिली नाही. धण्यांचा डबा त्या दिवशी फडताळात, माझ्या हाताशीच होता. त्यातले मूठभर तिच्या ओंजळीत घालायला मला कुणी अडवलं नव्हतं.